जळकी टेकडी

ओरू प्रेतूत सपाट रस्ता शोधून सापडत नाही. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातलं हे गाव समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंचावर, डोंगरांच्या घळींत वसलेलं आहे, आणि वसवणाऱ्यांनी माणसाच्या पायांचा मुळीच विचार केलेला नाही. त्यांना इथे राहायचंच नव्हतं. सोनं काढायचं, पोतडी भरायची आणि निघायचं, एवढाच बेत होता. पण सोनं लवकर संपेना म्हणून मुक्काम लांबला. पालांच्या जागी घरं आली, घरांमागून चर्चेस आली, आणि ओढ्याकाठच्या वस्त्या एकमेकींना भिडून १७११ साली त्यांचं 'व्हिला रिका' झालं, म्हणजे श्रीमंत नगर. आजचं नाव नंतरचं. ओढ्यात सापडलेल्या पहिल्या कणांवर काळं पुट होतं, आत पिवळं निघालं, म्हणून काळं सोनं. गुळगुळीत झालेल्या दगडी फरशीवरून गाड्या पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढतात आणि माझ्यासारख्या साठी ओलांडलेल्या बायका भिंतीला हात लावून.

सोबत भाची होती. ती बेलो होरिझोंतीला लोहखनिजावर संशोधन करते. तिथून इथवर बसने दोन तास. उतरल्या उतरल्या तिने सांगितलं, "मावशी, किती चर्चेस बघायची ते आत्ताच ठरव. नाहीतर तुझे गुडघे ठरवतील."

सगळे पहिल्यांदा पिलारच्या मातेच्या चर्चमध्ये पाठवतात, आम्हीही तिथेच गेलो. आत लाकडावर कोरीव काम आणि त्यावर सोन्याचा वर्ख, इतका की भिंत कुठे संपली आणि देवदूत कुठे सुरू झाले ते कळत नाही. गाइड चारशे किलो सोनं म्हणतो. वर्ख कुणी उतरवून तराजूत घातलाय? पण आकडा ऐकल्याशिवाय पर्यटकाचा आ वासत नाही, हे जगभरच्या गाइडांना ठाऊक असतं. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलची वेदी ज्याने पाहिली आहे त्याला हा थाट अनोळखी वाटणार नाही. एकाच पोर्तुगीज राजाच्या दोन वखारींतला माल तो. फक्त गोव्यात सोनं बाहेरून आलं, आणि इथे ते पायाखालून उपसून थेट भिंतीला लावलं.

उपसलेल्यातला पाचवा हिस्सा राजाचा. १७५० नंतर तर वर्षाला १०० आरोबा, म्हणजे जवळजवळ दीड हजार किलो सोनं या मुलखाने भरलंच पाहिजे असा दंडक निघाला. सोनं ओसरू लागलं तरी आकडा तसाच. मग चोरवाटा निघाल्या. संतांच्या पोकळ लाकडी मूर्ती करून त्यांच्या पोटातून सोनं नाक्यापार जायचं अशा गोष्टी इथे प्रत्येक जण सांगतो, आणि ढोंगी माणसाला 'पोकळ लाकडाचा संत' म्हणायची रीत ब्राझीलमध्ये अजून आहे. राजाला पोचलेलं सोनंही लिस्बनमध्ये टिकलं नाही. काही माफ्र्याच्या अवाढव्य राजवाड्यात गेलं, आणि बरंचसं इंग्रजांच्या कापडाचं देणं फेडण्यात.

चर्चेस इतकी का, याचं उत्तर मात्र आपल्याकडच्या माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही. गोऱ्यांचं मंडळ वेगळं, मिश्र रक्ताच्या लोकांचं वेगळं, काळ्यांचं वेगळं, आणि प्रत्येकाचं चर्च वेगळं. गोव्यातल्या कोनफ्रारिया, म्हणजे चर्चची मंडळं, जातवार होत्याच की. इथे जपमाळेच्या मातेचं आणि सांता एफिजेनियाचं ही काळ्यांची चर्चेस. सांता एफिजेनिया टेकडीच्या टोकावर आहे. तिथली गोष्ट अशी, की काँगोतून गुलाम म्हणून आणलेल्या एका राजाने, शिकू रेईने, कष्ट करून स्वतःला सोडवलं, मग खाण विकत घेतली आणि आपली माणसं सोडवत गेला. बाया केसांत सोन्याची भुकटी लपवून आणायच्या आणि चर्चच्या पाण्यात केस धुवायच्या. खाली बसलेल्या गाळातून चर्च उभं राहिलं. इतिहासकार हिला दंतकथाच मानतात. सांगणाऱ्या बाईला मी तसं विचारलं नाही. ती स्वतः काळी होती आणि आपल्या आजोबांची हकीकत सांगावी तशी सांगत होती.

गुडघ्यांनी पाचव्या चर्चला सुनावलं. पण त्याआधी आसिसीच्या संत फ्रान्सिसचं चर्च पाहून झालं होतं आणि एवढ्या एका वास्तूसाठीही हा सगळा चढ मी पुन्हा चढेन. अंतोनियू फ्रान्सिस्कू लिज्बोआ हा त्याचा कारागीर. बाप पोर्तुगीज वास्तुकार, आई इझाबेल नावाची गुलाम बाई. पुढे रोगाने हातपाय झडत गेले तसं लोक त्याला 'अलेइजादिन्यू', म्हणजे बिचारा पांगळा म्हणू लागले, आणि तेच नाव उरलं. शेवटी शेवटी छिन्नी-हातोडी मनगटाला बांधून घेऊन तो काम करायचा असं सांगतात. दारावरचं सगळं कोरीव काम त्याचं. आत छत रंगवलंय मानुएल दा कोस्ता अताईद याने. ढगांत मारिया, भोवती वाद्यं वाजवणारे देवदूत. मान मोडेपर्यंत वर पाहिलं तेव्हा लक्षात आलं की या मारियाचा रंग गव्हाळ आहे, ओठ जाड आहेत आणि देवदूतांचे केस कुरळे. ज्यांना पलीकडच्या चर्चमध्ये वेगळं बसवलं होतं त्यांच्या तोंडवळ्याची माणसं इथे छतावर चढून बसली आहेत. आत फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे.

चर्चसमोरच्या चौकात दगडाच्या वस्तूंचा बाजार भरतो. अलेइजादिन्यूने कोरला तोच हा सोपस्टोन, राखाडी, हिरवट, नखाने ओरखडा उमटेल इतका मऊ. विकणाऱ्याने एक हंडी माझ्या हातात दिली. कडेला तांब्याची पट्टी, तिलाच दोन कान. आमच्याकडे लोणच्याला दगडी असायची तिची ही धाकटी बहीण. त्याने खुणांनी आणि भाचीच्या मदतीने सगळा विधी सांगितला: आतून-बाहेरून तेल चोळायचं, मंद आचेवर तापवायची, निवू द्यायची, पुन्हा तेल, पुन्हा आच, घाई केली तर तडकते. दगड मुरला की काळा होतो आणि मग त्यात राजमा शिजवा नाहीतर डुकराचं मांस, विस्तवावरून उतरवल्यावरही बराच वेळ खदखदत राहतं. त्याच्या भुवयांवर, पापण्यांवर पांढरी धूळ बसली होती. दुकानामागे त्याचा मुलगा चाकावर दगड घासत होता आणि त्याच्या तोंडाला साधं फडकंही नव्हतं. हंडी मी घेतली नाही. विमानात वजन कोण भरणार?

खाणीतही गेलो. घरांच्या परसातून उघडणाऱ्या अशा जुन्या खाणी गावात बऱ्याच आहेत. डोक्यावर हेल्मेट चढवतात, वाकून चालायला लावतात, आणि गारेगार ओल्या भिंतीवर विजेरी मारून क्वार्ट्झची शीर दाखवतात. गाइडच्या बोलण्यात खरं-खोटं मिसळलेलं असतं, पण एक गोष्ट त्याने ठासून सांगितली आणि ती खरी आहे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे गुलाम इथले मालक मुद्दाम मागायचे, कारण त्या लोकांना सोन्याचं काम येत होतं. ओढ्याकाठची रेती लाकडी परातीत फिरवून सोनं वेगळं करायचं कसब पोर्तुगिजांपेक्षा त्यांच्या हातात जास्त होतं. म्हणजे नुसतं बळ नाही, विद्याही पळवून आणलेली. पंधरा मिनिटांत माझी पाठ धरली. बाहेर येऊन सावलीत बसले तर समोर इंपीरियल टोपाझ विकणारं दुकान. हा मधाळ रंगाचा खडा याच परिसरातला. तिकीट, हेल्मेट, खाण, दुकान: एवढ्याच पावलांत सगळी सहल बसवलेली.

मधला चौक तिरादेंतेसच्या नावाचा आहे. ज्वाकीं जोझे दा सिल्वा शाव्हियेर हा घोडदळातला खालच्या हुद्द्याचा अधिकारी. जोडधंदा दात काढायचा, म्हणून हे टोपणनाव. थकलेला सोन्याचा कर एकरकमी वसूल होणार अशी आवई उठली तेव्हा, १७८९ साली, इथले काही कवी, पाद्री, जमीनदार आणि हा दात काढणारा यांनी बंडाचा बेत केला. फितुरी झाली. बड्यांची शिक्षा हद्दपारीवर भागली. यालाच २१ एप्रिल १७९२ रोजी रिओमध्ये फासावर दिला, देहाचे तुकडे केले आणि मुंडकं या चौकात खांबावर लावलं. ते कुणीतरी रातोरात पळवलं, ते आजवर मिळालेलं नाही. खांबाच्या जागी आता त्याचा पुतळा, २१ एप्रिलला देशभर सुट्टी, आणि समोरच्या जुन्या तुरुंगात बंडाचं संग्रहालय. गुलामांना मोकळं करावं की नाही यावर मात्र या बंडखोरांचं एकमत नव्हतं. ब्राझीलमधली गुलामी पुढे १८८८ पर्यंत चालली.

पुतळ्याच्या पायरीवर बसून मला पिंटोंची आठवण झाली. १७८७ साली, याच पोर्तुगीज सत्तेच्या अमलाखाली, गोव्यात कांदोळीच्या पिंटो घराण्याभोवती जमलेल्या पाद्र्यांनी आणि शिपायांनी उठावाचा बेत केला होता. तिथेही फितुरी झाली. पुढच्या वर्षी १५ जणांना पणजीत मारलं आणि पाद्र्यांना लिस्बनला पाठवून वर्षानुवर्षं कोंडलं. दोन्ही बेतांत दोन वर्षांचं अंतर आणि मध्ये दोन महासागर. तिरादेंतेसच्या नावाने सुट्टी असते. पिंटोंच्या नावाने पणजीत कुणाला रिक्षा थांबवायला सांगून पाहा.

पण मला सांगायचंय ते चौकातलं नाही, वरचं आहे. गावाच्या ईशान्येला एक टेकडी आहे, 'मोहू दा केइमादा', जळकी टेकडी. पर्यटकांच्या यादीत ती शेवटी असते किंवा नसतेच. भाचीला तिथला खडक पाहायचा होता म्हणून टॅक्सी केली. वर गेल्यावर दिसतात त्या नुसत्या भिंती. छप्पर नाही, दारं नाहीत, चौकटीच्या जागी भोकं. गवतातून चालताना जपावं लागतं, कारण मध्येच खाणीचे उभे झरोके तोंड उघडून बसलेत. भिंतींचा दगड तांबूस, भोकाभोकांचा. मी हात फिरवला आणि म्हटलं, हा तर जांभा. भाची म्हणाली, "जवळजवळ तोच. इथे याला कांगा म्हणतात, लोखंड जास्त असतं." पडक्या भिंतींना खेटून आजच्या गरिबांची घरं वर चढत आली आहेत, गिलावा न केलेल्या विटांची, गच्चीवर निळ्या टाक्या. एका अठराव्या शतकातल्या भिंतीच्या खुंटाला कुणीतरी कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती.

ही वस्ती १७२० साली जाळली. राजाने हुकूम काढला होता की सुटी भुकटी चालणार नाही, सगळं सोनं सरकारी भट्टीत आणून वितळवायचं, तिथेच पाचवा हिस्सा कापला जाईल. जूनच्या अखेरीस लोक उठले. टेकडीवरच्या मोठ्या खाणमालकांचा, पास्कुआल दा सिल्वा गिमारायस वगैरेंचा, त्यांना पाठिंबा. हे मालकही काही साधुसंत नव्हते. त्यांच्या खाणी गुलामांच्याच पाठीवर चालत होत्या. गव्हर्नरने आधी सगळ्या मागण्या मान्य केल्या, माफी जाहीर केली. लोक पांगले, तसं सैन्य आणून पुढाऱ्यांना पकडलं, पास्कुआलच्या घरांना आग लावली आणि ती आग टेकडीभर गेली. फिलिप दुस सांतुस नावाच्या एकाला फाशी देऊन त्याच्या देहाचे तुकडे केले. टेकडी पुन्हा पहिल्यासारखी वसली नाही. नाव मात्र चिकटलं.

हा गव्हर्नर म्हणजे दों पेद्रू मिगेल द आल्मेइदा, असुमारचा काउंट. माहितीच्या फलकावर ते नाव वाचलं आणि मी भाचीला फोनवर शोधायला लावलं, कारण नुसत्या 'असुमार'ने काही आठवत नव्हतं, पण 'पेद्रू द आल्मेइदा' मी सावंतवाडीत वाचलेलं होतं. तोच निघाला. १७१७ ते १७२१ इथे, आणि १७४४ पासून १७५० पर्यंत गोव्याचा व्हाइसरॉय.

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगिजांची आपल्याकडची पत धुळीला मिळाली होती. बारदेशावर भोसल्यांचा रेटा होता. ती पत परत मिळवायला लिस्बनने पाठवला तो हा माणूस. १७४६ साली त्याने सावंतवाडीच्या भोसल्यांचा हळर्णचा किल्ला घेतला, त्याच वर्षी तेरेखोल घेतला, डिचोलीवर चालून गेला. या पराक्रमाबद्दल राजाने त्याला किताब दिला: मार्क्विस ऑफ आलोर्ना. आलोर्ना म्हणजे आपलं हळर्ण, पेडणे तालुक्यातलं, शापोरा नदीच्या काठचं. पुढे त्याची नात पोर्तुगीज भाषेतली नावाजलेली कवयित्री झाली आणि तिलाही सगळे 'आलोर्नाची मार्क्विज' म्हणूनच ओळखतात. पोर्तुगालमध्ये आलोर्ना नावाची वाइनसुद्धा मिळते. हळर्णच्या लोकांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

या माणसाची आणखी एक खूण ब्राझीलभर आहे. १७१७ साली तो कारभार हाती घ्यायला मिनासकडे निघाला असताना वाटेतल्या एका गावाने त्याच्या मेजवानीसाठी कोळ्यांना मासे आणायला पिटाळलं. मासे मिळेनात, जाळ्यात आधी मातीच्या मूर्तीचं धड आलं, मग मुंडकं. ती आपारेसिदाची माता, आज साऱ्या ब्राझीलची रक्षणकर्ती देवी. लाखो लोक तिच्या यात्रेला जातात. ज्याच्या पंक्तीसाठी जाळं टाकलं त्याचं नाव त्यांतल्या कितींना ठाऊक असेल?

जळक्या टेकडीवरून खालचं गाव फार सुंदर दिसतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. लाल कौलं, पांढऱ्या भिंती, मनोरे, मागे इताकोलोमीचं शिखर. ते तसंच्या तसं राहिलं याचं कारणही सौंदर्यदृष्टी नव्हे. सोनं संपलं, १८९७ साली राजधानीही बेलो होरिझोंतीला गेली, आणि जुनं पाडून नवं बांधायला कुणाकडे पैसाच उरला नाही. नंतर सरकारला जाग आली, १९८० साली युनेस्कोची मोहोर बसली. गरिबीने राखलेलं आता तिकिटावर दाखवतात. राखणंही अर्धवटच. १३ जानेवारी २०२२ रोजी पावसाने फाशीच्या टेकडीचा कडा सुटला आणि खालचा एक जुना वाडा क्षणात नाहीसा झाला.

सोनं गेलं तरी खोदणं थांबलेलं नाही, आता लोखंड. भाचीने वरूनच बोट दाखवलं, त्या दिशेला मारियाना. ५ नोव्हेंबर २०१५ ला तिथल्या खाणीच्या गाळाचा बांध फुटला, बेंतू रोद्रिगिस हे गाव चिखलाखाली गेलं, १९ माणसं मेली आणि तो गाळ दोसी नदीतून थेट अटलांटिकपर्यंत वाहत गेला. डिचोली-सत्तरीचे तांबडे रस्ते, पावसात शेतात उतरणारा खाणींचा गाळ पाहिलेल्या माणसाला तिचं बोट कुठे रोखलंय ते चटकन कळतं. आलोर्नाचा मार्क्विस डिचोलीवर गेला तेव्हा पायाखालच्या लोखंडाकडे त्याचं लक्ष नव्हतं. ते काढायला दोनशे वर्षांनी दुसरे आले.

ओरू प्रेतूला जाणं सगळ्यांना जमणार नाही. तिकीट महाग आहे आणि प्रवास दीड दिवसाचा. गेलातच तर चर्चेस दोन कमी करा आणि जळक्या टेकडीवर जा, टॅक्सीने गेलात तरी चालेल. पण हळर्णला जाणं जमण्यासारखं आहे. आपण गोव्याला जातो ते हरमल, मोरजीच्या किनाऱ्यांवर. फार तर तेरेखोलला थांबतो. पेडण्याहून हळर्ण फार लांब नाही. पावसाळा टाळा, जांभा निसरडा होतो. आणि बरोबर मुलं असतील तर त्यांना एवढं जरूर सांगा, की ज्याने हा किल्ला घेतला त्याने त्याआधी २६ वर्षं, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, कराला नाही म्हणणारी एक अख्खी टेकडी जाळली होती.